मशीन जमा केल्याशिवाय

थिडा,

मधल्या सुट्टीत फोन वाजला. नंबर तुझ्या देशाचा दिसला, म्हणून उचलताच मी ओरडले, ‘काय गं, जमा केलंस का मशीन?’ पलीकडे तू नव्हतीस. तुझी धाकटी बहीण होती. तिनं इंग्रजीतून, एकेक शब्द जपून सांगितलं, की मतदान संपल्यावर संध्याकाळी शाळेवर तोफगोळा पडला आणि तू गेलीस. मी मराठीत काय ओरडले ते तिला कळलं नसेल, याचं मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. हे तुला सांगायलाच हवं, कारण माझ्याबद्दल तुझं मत फार चांगलं होतं.

गोळा कोणाचा, ते अजून कोणी सांगत नाही. सरकार म्हणतं, जंगलातल्या बंडखोर पोरांनी टाकला. जंगलातली पोरं म्हणतात, सैन्याचाच चुकून पडला. आमच्या इथल्या पेपरात आतल्या पानावर दोन ओळी होत्या, की ब्रह्मदेशात यादवी चालू असतानाही मतदानाचा टप्पा एकंदरीत शांततेत पार पडला. ब्रह्मदेश म्हटलं की तू चिडायचीस, पण आमच्या शाळेच्या जुन्या नकाशावर तेच नाव आहे. ‘एकंदरीत’ या शब्दावर मी किती वेळ बोट ठेवून बसले. केंद्राध्यक्ष म्हणून मीसुद्धा दर निवडणुकीला डायरीत लिहीत आले, मतदान शांततेत पार पडले. लिहिताना कधी हात अडखळला नव्हता.

तू आमच्याकडे सुरतेला आलीस ती बी.एड.ला, शिष्यवृत्तीवर. कॉलेजातल्या गुजराती बेननी विचारलं, उधन्याला तुमच्या वरच्या खोलीत परदेशी मुलगी ठेवाल का. परदेशी म्हटल्यावर मी गोऱ्या मुलीची कल्पना करून काटा-चमचा विकत आणून ठेवला होता. आलीस तू, आमच्या जळगावच्या मामेबहिणीसारखी दिसणारी, आणि पहिल्याच दिवशी हातानं भात कालवून जेवलीस. पिशवीतून लाकडाचा एक ओंडका काढलास. तो पाण्यात उगाळून गालाला लावायचा म्हणालीस, आमच्याकडे सगळ्या बाया लावतात. उगाळायला दगड हवा होता. तू सरळ देवघरातली सहाण उचललीस. मी किंचाळले. आई मात्र सासूबाई असूनही शांतपणे म्हणाल्या, ‘घसू दे वं तिले, लाकूडच शे ते.’ दुसऱ्या दिवसापासून सकाळी आधी देवाचं चंदन, मग तुझं लाकूड, असा त्या सहाणेचा क्रम ठरून गेला. आठवड्याभरात आमच्या गल्लीतल्या पोरी गालावर पिवळे गोल काढून फिरायला लागल्या. खालच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटानं तू आधी दचकायचीस. नंतर त्याच आवाजात दुपारी घोरायला लागलीस.

तुझे सरावाचे पाठ आमच्याच मराठी शाळेत झाले. पोरं तुला थिडाबाई म्हणायची. पोरं मला बाई म्हणतात म्हणून तूही बाईच म्हणायला लागलीस, आणि शेवटपर्यंत माझं नाव तुझ्या तोंडी आलं नाही. दोन वर्षांत तू जे मराठी शिकलीस त्यात अर्धं गुजराती, पाव हिंदी आणि आमच्या आईंची अहिराणी होती. मी व्याकरण सुधारत बसायचे. तू ऐकून घ्यायचीस आणि पुन्हा तसंच बोलायचीस.

त्याच काळात लोकसभेची निवडणूक आली. निम्म्या सुरतेत उमेदवार बिनविरोध आला, मतदानच झालं नाही. उधना दुसऱ्या मतदारसंघात, म्हणून आमच्याकडे झालं. तुला ते काही केल्या पचेना.

‘बाई, तुमच्याकडे लढाई नाही, तरी मत नाही?’

‘अगं, नियमात बसतं ते.’

‘आमच्याकडे पण सगळं नियममध्येच बसते.’

मला असा राग आला! घरच्या माणसाला आपण कितीही बोलू, बाहेरच्यानं बोललेलं खपत नाही, तसं माझं निवडणुकीबद्दल आहे. दोन दिवस मी तुझ्याशी तुटक वागले. मतदानाच्या दिवशी तू डबा घेऊन केंद्राच्या गेटपर्यंत आलीस, कारण आत तुला सोडत नव्हते. तिथं उन्हात उभी राहून तू रांग बघत राहिलीस. लूमवरचे कामगार, साडीला टिकल्या लावणाऱ्या बाया, बाहेर येऊन शाईचं बोट वर करून फोटो काढणारी कॉलेजची पोरं. घरी आल्यावर तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, मला पण लावा. मी मार्करनं तुझ्या नखावर रेघ ओढली. ती पुसू नये म्हणून तू भांडी घासायला नकार दिलास, आणि आई तुझ्याऐवजी मला बोलल्या.

निवडणुकीची ड्युटी म्हणजे शिक्षकांच्या मानगुटीवर बसलेलं भूत, असं सगळे म्हणतात. शिव्या घालायला मीही पुढे असते. पण आज तुझ्यापाशी कबूल करते, मला ती ड्युटी आवडते. एरवी मला कोण विचारतं? पालक विचारत नाहीत, अधिकारी तर नाहीतच. त्या एका दिवशी मात्र कितीही मोठा माणूस आला तरी त्यानं माझ्या केंद्रात रांगेनं यायचं आणि मी सांगीन तिथं सही करायची. ऑर्डर आली की आमच्या निम्म्या स्टाफची कंबर दुखू लागते. कोणाला साखर निघते, कोणाची सासू अत्यवस्थ होते. डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन ड्युटी रद्द करायला रांग लागते. त्या रांगेतल्या माणसांकडे मी इतक्या तुच्छतेनं बघत आले आहे की काही विचारू नकोस.

पुढे मला ट्रेनर केलं. नव्या शिक्षकांना मी एकच गोष्ट घोकून घेते. मशीन जमा करून पावती हातात पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाऊस येवो, लाइट जावो, बस उशिरा येवो. बाथरूमला जायचं तर दुसऱ्याला मशीनजवळ बसवून जायचं. शेजारच्या केंद्रावरचा एक जण मशीन टेबलावर ठेवून चहाला गेला होता, त्याची नोकरी कशी जाता जाता राहिली, ही गोष्ट मी दर वेळी सांगते. तुलाही जेवताना किती वेळा सांगितली असेल. तू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचीस.

मग तुझ्या आईला अर्धांगवायू झाला आणि तू परत गेलीस. तुमच्याकडे सैन्यानं सत्ता घेतल्यापासून कितीतरी शिक्षकांनी निषेध म्हणून सरकारी शाळा सोडल्या होत्या. तू मात्र सरकारी शाळेत रुजू झालीस, कारण आईची औषधं होती. जुन्या मैत्रिणींनी बोलणं टाकलं. तू मला विचारलंस, मी वाईट काम करते का? मी म्हटलं, पोरांना शिकवणं हे कधीपासून वाईट झालं? हे मी आजही म्हणेन. निदान या एका बाबतीत मला खात्री आहे.

निवडणूक जाहीर झाली तेव्हा तुझे फोन वाढले. गाव सरकारच्या हातात, भोवतालची खेडी जंगलातल्या पोरांच्या हातात, आणि मतदान फक्त गावात. निवडणुकीविरुद्ध ब्र काढला तर तुरुंग, आणि निवडणुकीला मदत केली तर जंगलातून धमकी. तू मराठीत बोलायचीस, म्हणायचीस, ‘बाई, मराठी इथे कोणाला समजत नाही, मला मोकळा वाटते.’ मी म्हणायचे, मोकळं वाटतं. मी तुझं व्याकरण सुधारत होते, थिडा. तू मला काय सांगते आहेस, आणि मी काय करत होते!

एकदा म्हणालीस, ‘हे इलेक्शन नाही. तुमच्या गल्लीतल्या सुमनच्या लग्नात बघितला ना मी, तसा. नवरा ठरला आहे, आता अक्षता टाकायला माणसं पाहिजे.’ मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, आधी कशी का होईना मतपेटी येऊ दे, लोकांना रांगेत उभं राहायची सवय लागू दे, मग पुढच्या वेळी सुधारेल. तू म्हणालीस, ज्यांना मत द्यायचं होतं त्यांचे पक्षच यादीत नाहीत. मी म्हटलं, बंदुकीपेक्षा बरं. तू म्हणालीस, ‘बाई, बंदूक पण तिथेच उभी असेल, दरवाज्यात.’ हे भांडण मिटलं नाही. मला वाटलं होतं, तू पुढच्या उन्हाळ्यात येशील तेव्हा पुरं करू.

मग तुझी ऑर्डर आली. तुमच्याकडे पहिल्यांदाच मशीन येणार होतं आणि तुम्हाला ते धड शिकवलंही नव्हतं. मला तर काय, हत्तीचं बळ आलं. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावून मी पोळ्यांचा डबा आणि टीव्हीचा रिमोट मांडला. डबा म्हणजे माझ्यासमोरचं युनिट, रिमोट म्हणजे मतदारासमोरचं. आई मतदार झाल्या. पदर नीट करून, खरोखरच्या रांगेत असल्यासारख्या त्या डब्यापुढे उभ्या राहिल्या. मी त्यांच्या बोटाला कुंकू लावलं. त्यांनी रिमोट दाबला आणि टीव्हीवर भजन सुरू झालं. आपण तिघी किती हसलो! तू डोळे पुसत विचारलंस, ‘आणि कोणच नको असेल तर?’ मी म्हटलं, शेवटचं बटण, नोटा. तू म्हणालीस, आमच्या मशीनला ते बटण नाही. कोणाला तरी दाबावंच लागतं, त्याशिवाय मशीन पुढे जात नाही.

आईंनी तेवढ्यात मला विचारलं, ‘तठे लढाई चालू शे ना? मंग मतं कोन मांगस नि कोन देस?’ आणि स्क्रीनजवळ तोंड नेऊन तुला म्हणाल्या, ‘पोरी, तू आठे ये निंघी.’

मी म्हटलं, ‘अहो आई, ड्युटी टाकून कशी निघून येईल ती?’

तू हाताचं बोट कॅमेऱ्यासमोर धरलंस. म्हणालीस, ‘शाई लागली तर जंगलवाले बघतील. नाही लागली तर सोल्जर बघतील. बाई, हे बोट कुठे ठेवायचं?’ मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. बहुतेक मशीन बंद कसं करायचं ते सांगू लागले.

त्यानंतरचा फोन मला शब्दन् शब्द आठवतो. मी घाईत होते, शाळेला निघाले होते, चपला पायात होत्या. तू म्हणालीस, ‘बाई, मी बिमार पडू का? रंगूनला मावशी आहे. डॉक्टर ओळखीचा आहे, लिहून देईल.’ तुझ्या आवाजात थट्टा नव्हती. ते मला ऐकू आलं होतं, थिडा. ऐकू आलं नाही असं मला म्हणता येत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ती सर्टिफिकेटवाल्यांची रांग आली. मी हसले. म्हटलं, ‘आमच्याकडेही ऑर्डर आली की सगळ्यांची कंबर दुखते. तू त्यातली नाहीस. नाटकं करू नकोस. एक दिवसाचा प्रश्न आहे, नीट कर आणि मशीन जमा करून ये.’

तू म्हणालीस, ‘हो बाई.’

गेल्या आठवड्यात तुझ्या बहिणीनं पुन्हा फोन केला. तुझ्यासोबतचे दोन शिक्षक वाचले. त्यांनी तिला सांगितलं, की मतदान संपलं तेव्हाच लांबून आवाज यायला लागले होते. पेट्या न्यायचा ट्रक येत नव्हता. गेटवरचे सैनिक कधी निघून गेले कोणाला कळलंही नाही. ते दोघे तुला चल म्हणाले. तू मशीनची पेटी बाकावर घेऊन बसली होतीस. म्हणालीस, तुम्ही व्हा पुढे, हे कोणाच्या तरी ताब्यात देऊन येते, नाहीतर माझ्या सुरतच्या बाई रागावतील. हे तू हसून म्हणालीस, असं ते म्हणाले.

तू थट्टा करत होतीस का? की खरंच माझ्यासाठी बसलीस? पुष्कळदा मी स्वतःची समजूत घालते, की पेटी टाकून गेली असतीस तर सरकारनं तुला धरलं असतं, म्हणून तू बसलीस, माझ्यामुळे नाही. शिकलेल्या माणसाला स्वतःला सोडवणारं कारण लगेच सापडतं. पण तू नाव माझं घेतलंस. ज्या निवडणुकीला तू निवडणूक मानत नव्हतीस, तिच्या पेटीवर हात ठेवून तू बसलीस, आणि मी इथं उधन्यात बसून तिला निवडणूक म्हणत होते. भांडण माझ्या बाजूनं मिटलं असं कोणी म्हटलं तर मी त्याच्या थोबाडीत मारीन.

तुझ्या बहिणीनं शेवटी माझे आभार मानले. म्हणाली, ती घाबरली होती, तुम्ही तिला धीर दिलात. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पण सर्टिफिकेटचं तिला माहीत नाही, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी गप्प बसले. सांगावं की नाही, मला अजून कळत नाही. सांगितलं तर माझं ओझं तिच्या डोक्यावर जाईल. नाही सांगितलं तर मी फुकटचे आभार घेऊन जगते आहे.

आईंना मी दोन आठवडे सांगितलंच नाही. त्या रोज विचारायच्या, ‘तिना फोन उना का?’ मी म्हणायचे, रेंज नाही तिकडे. शेवटी सांगितलं तेव्हा त्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचं चंदन उगाळून झाल्यावर त्यांनी तुझं उरलेलं लाकूड घेतलं, थोडं उगाळलं, आणि स्वतःच्या सुरकुतलेल्या गालांना लावून बसल्या. मी आत जाऊन भाजी चिरत राहिले.

एक चांगलंही सांगते, नाहीतर तू म्हणशील बाई रडतच बसल्या. तू शिकवलेली सातवीतली पोरं आता नववीत गेली. ती अजून वर्गात उत्तर आलं नाही की तुझ्यासारखी मान तिरकी करून ‘बाई, विचार चालू आहे’ म्हणतात. दुसऱ्या शाळेत गेली तरी म्हणतात, असं तिथल्या बाई सांगत होत्या. घर, शाळा, गल्ली, सगळीकडे तू थोडी थोडी सांडून गेली आहेस. आमचं घर तुझ्यामुळे दोन वर्षं हसरं होतं. त्याचे आभार मानायचे राहिले, कारण तुझ्या मराठीच्या चुका काढण्यात माझा वेळ गेला.

परवा महापालिकेच्या निवडणुकीचं ट्रेनिंग होतं. ऑर्डर हातात आली तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, कंबर दुखते म्हणून लिहून द्यावं. नाही दिलं. गेले. हॉल भरलेला, पुढच्या रांगांत नुकत्याच लागलेल्या मुली, हातात फोन, चेहऱ्यावर कंटाळा. मी नेहमीसारखी सुरू झाले. मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान सांगून झालं, सील लावणं झालं, मतदान बंद करायचं क्लोजचं बटण झालं. मग ते वाक्य आलं. ‘मशीन जमा करून पावती हातात पडल्याशिवाय’ एवढं बोलले आणि पुढचं तोंडातून फुटेना. सगळे फोनमधून माना वर करून बघायला लागले.

मी म्हटलं, ‘पहेलां जीव, पछी मशीन. आधी जीव, मग मशीन. गोळीबार झाला, काही झालं, तर पेटी टाकायची आणि पळायचं. मला विचारायचं नाही. कोणालाच विचारायचं नाही.’

 मग मागच्या रांगेतला एक तरुण शिक्षक म्हणाला, ‘बेन, आपणे त्यां कोण मारवा आववानुं?’ आपल्याकडे कोण मारायला येणार? अख्खा हॉल हसला. चांगलं, मोकळं हसू होतं ते. त्यांची काही चूक नाही. इतकी वर्षं मीही त्याच हॉलमध्ये होते.

ज्यांना त्याची गरज नव्हती त्या सगळ्यांना मी ते सांगितलं, थिडा. आणि तुला म्हटलं, नाटकं करू नकोस.